डिप्लोमसी पहिल्यांदा खेळताना: युती कशी जमवायची, कशी चालवायची आणि कधी मोडायची

डिप्लोमसी हा युद्धाचा बोर्ड गेम आहे, पण त्यात फासे नाहीत, पत्ते नाहीत, नशिबाला कुठेच वाव नाही. ॲलन कॅलहॅमर या अमेरिकन माणसाने तो 1954 मध्ये रचला. तो हार्वर्डमध्ये शिकलेला, एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या इतिहासात रमणारा. प्रकाशक मिळेना म्हणून 1959 मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने 500 संच काढून विकले. (पुढे पोटापाण्यासाठी तो पोस्टमन झाला. सात माणसांना युरोप वाटून घ्यायला लावणारा माणूस स्वतः घरोघर पत्रे वाटत होता.)

पटावर 1901 सालचा युरोप असतो आणि सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, रशिया आणि तुर्कस्तान. नकाशात 34 सप्लाय सेंटर आहेत, त्यांना आपण केंद्रे म्हणू. जितकी केंद्रे, तितक्या तुकड्या. ज्याच्याकडे 18 केंद्रे झाली तो जिंकला. सुरुवातीला रशियाकडे चार आणि बाकी सगळ्यांकडे तीन-तीन असतात, म्हणजे 22 वाटलेली. उरलेली 12 बेवारस.

खेळाचा सगळा पीळ एवढ्यातच आहे. तीन तुकड्यांच्या बळावर कोणीच 18 पर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे कोणाची तरी मदत घ्यावीच लागते. आणि 18 एकालाच मिळतात, त्यामुळे ती मदत कधीतरी संपते. महाराष्ट्रात राहणाऱ्याला युती आणि आघाडी यांचे आयुष्य किती असते हे समजावून सांगायला नको. इथे फक्त ते हिशोबाने कसे मोजायचे ते पाहू.

बसण्याआधी

सात माणसे जमवा. सहाच आली तर नियमपुस्तिकेप्रमाणे इटली बाजूला ठेवायची, पाच आली तर इटली आणि जर्मनी दोन्ही. त्या देशांच्या तुकड्या आपापल्या जागी नुसत्या उभ्या राहतात. पाचापेक्षा कमी असाल तर आज दुसरे काहीतरी खेळा.

वेळ मोकळा हवा. डाव 1901 पासून वर्षावर्षाने पुढे सरकतो आणि पूर्ण डाव पाच-सहा तास सहज खातो, त्यामुळे ‘1907 ची केंद्रं मोजून झाली की थांबायचं’ असे आधीच ठरवलेले बरे. रविवारी जेवून दुपारी एकला बसलात तर चहा, वडे आणि एक मोठे भांडण धरून संध्याकाळी सुटका होते. घरात बाल्कनी, स्वयंपाकघर, जिना अशा दोन-तीन आडोशाच्या जागा पाहिजेत, कारण अर्धा खेळ कुजबुजीतच होतो. वन बीएचकेमध्ये सात जण बसवले तर कोण कोणाशी बोलतो हे सगळ्यांना दिसते. तेही मजेचे असते, पण वेगळ्या तऱ्हेने.

चिठ्ठ्या टाकून देश वाटून घ्या. मोबाइलवर पंधरा मिनिटांचा टायमर लावा. प्रत्येकाला पेन आणि कागद द्या.

आणि एक गोष्ट पहिल्या चालीआधी मोठ्याने बोला, सगळ्यांसमोर: या पटावर खोटे बोलणे हा खेळाचा भाग आहे, पटाबाहेरच्या गोष्टी त्याचा भाग नाहीत. ‘तू मला दगा दिलास तर पुढच्या महिन्यात गाडीतून आणणार नाही’ असले सौदे बंद. नवरा-बायको किंवा रूममेट खेळत असतील तर त्यांना शक्यतो शेजारचे देश येऊ देऊ नका, पुन्हा चिठ्ठी काढा. ते एकमेकांना कधीच सोडत नाहीत किंवा पहिल्याच चालीत सोडतात. दोन्हींत बाकीच्यांचा डाव बिघडतो.

नियम, युतीला लागतात तेवढेच

तुकड्या दोन प्रकारच्या, फौज आणि आरमार. फौज जमिनीवर चालते, आरमार समुद्रात आणि किनाऱ्याच्या प्रांतांत. प्रत्येक तुकडीची ताकद एकच. रशियाची फौज आणि इटलीची फौज यांत काडीचा फरक नाही.

वर्षात दोन चाली, वसंत आणि शरद. प्रत्येक चालीआधी बोलणी होतात, मग सगळे आपापल्या ऑर्डर कागदावर गुपचूप लिहितात आणि सगळ्या एकदम उघडल्या जातात. ऑर्डर चारच: जागेवर राहणे, चाल करणे, सपोर्ट देणे, आणि आरमाराने फौजेला समुद्रापार नेणे, म्हणजे कॉन्व्हॉय. एकाच जागी दोन सारख्या ताकदीच्या चाली आल्या की टक्कर होते आणि दोघेही होते तिथेच राहतात.

शरद चालीनंतर केंद्रे मोजतात. ज्याची वाढली तो हिवाळ्यात नवी तुकडी उभी करतो, तीही फक्त स्वतःच्या मूळ केंद्रात आणि ते रिकामे असेल तरच. ज्याची घटली तो तुकडी काढून टाकतो. वसंतात दुसऱ्याच्या केंद्रातून नुसते चालत गेलात तर ते तुमचे होत नाही. शरदाच्या शेवटी तिथे उभे असावे लागते. ही तारीख लक्षात ठेवा, दगा देताना आणि खाताना तीच कामाला येते.

आता सपोर्ट. युती म्हणतात ती सगळी यातूनच उगवते, म्हणून इथे जरा थांबू.

समजा 1901 चा शरद आहे. इंग्लंडचे आरमार उत्तर समुद्रात आहे, फ्रान्सच्या फौजा पिकार्डीत आणि बर्गंडीत, जर्मनीची एक फौज रूरमध्ये. सगळ्यांची नजर बेल्जियमवर. इंग्लंड उत्तर समुद्रातून बेल्जियमला चाल करतो, फ्रान्स पिकार्डीतून. एकास एक, टक्कर, कोणालाच काही नाही. पण जर्मनीने रूरमधून इंग्लंडच्या चालीला सपोर्ट लिहिला तर इंग्लंडची ताकद दोन होते आणि बेल्जियम त्याचे. जर्मनीची तुकडी जागची हललीही नाही, तरी एका देशाचे वर्ष फळले आणि दुसऱ्याचे वाया गेले.

फ्रान्सकडे याला तोड आहे. त्याने बर्गंडीतून रूरवर हल्ला केला की जर्मनीचा सपोर्ट तुटतो, मग तो हल्ला यशस्वी होवो न होवो. सपोर्ट देणाऱ्या तुकडीवर दुसरीकडून कोणी चाल केली की सपोर्ट गेला. (ज्या प्रांताविरुद्ध सपोर्ट आहे तिथूनच आलेल्या हल्ल्याने मात्र तो तुटत नाही, त्यासाठी तुकडी तिथून हाकलावी लागते.) म्हणजे पुन्हा एकास एक, पुन्हा टक्कर.

तुम्ही दुसऱ्याच्या चालीला सपोर्ट लिहिलात आणि त्याने ती चालच केली नाही तर काही होत नाही, फक्त तुमची तुकडी त्या हंगामात फुकट गेली. आणि त्याने ‘सपोर्ट देतो’ सांगून तुमच्यावरच चाल लिहिली तर नियमपुस्तिका तुमच्या बाजूने एक अक्षर बोलत नाही. कुठलाही करार बंधनकारक नाही, लेखी करून घेतला तरी.

तिघांतले तिसरे होऊ नका

देश हातात आला की पहिली पाच मिनिटे कोणाशीही न बोलता नकाशा वाचा. पट साधारण दोन रिंगणांत विभागलेला आहे. पश्चिमेला इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी. पूर्वेला ऑस्ट्रिया, रशिया, तुर्कस्तान. इटली मधे, दोन्हीकडे एकेक पाय.

प्रत्येक रिंगणात तीन जण आहेत, आणि तिघांत जवळजवळ नेहमी दोघे एक होतात नि तिसऱ्याला वाटून खातात. पहिल्या पंधरा मिनिटांत तुमचे काम एकच: तो तिसरा आपण नाही याची व्यवस्था करणे. जिंकण्याचे बेत 1903 पासून पुढे करा.

काही जागा आपोआप भांडणाच्या आहेत. इंग्लिश चॅनेलवर इंग्लंड-फ्रान्स, बर्गंडीवर फ्रान्स-जर्मनी, गॅलिशियावर ऑस्ट्रिया-रशिया, ब्लॅक सीवर रशिया-तुर्कस्तान. इटली आणि ऑस्ट्रिया यांची तर व्हेनिस आणि ट्रिएस्ट ही मूळ केंद्रेच एकमेकांना लागून आहेत, सीमेवर श्वास घ्यायला जागा नाही. इंग्लंड आणि तुर्कस्तान कोपऱ्यात असल्यामुळे चिवट. त्यांना मारायला वेळ लागतो. ऑस्ट्रिया चहूकडून उघडा, नवख्याच्या हातात तो अनेकदा तिसऱ्या वर्षापर्यंतही टिकत नाही. चिठ्ठीत ऑस्ट्रिया आला तर आधी इटलीकडे जा, मग पाणी प्या.

पहिली बोलणी

सहाही जणांशी बोला. तुर्कस्तान खेळताय म्हणून इंग्लंडशी बोलायचे कारण नाही असे वाटते, पण इंग्लंड उत्तरेत नॉर्वे घेऊन रशियावर दाब देणार की नाही यावर तुमचे 1902 ठरते. जर्मनीचेही तसेच. रशियाला पहिल्या वर्षी स्वीडन हवा असतो, आणि डेन्मार्कमध्ये पोहोचलेले जर्मन आरमार शरदात स्वीडनवर चाल करून नुसत्या टकरीने त्याला अडवू शकते. जर्मनीला यात गमवायचे फारसे काही नाही, म्हणूनच रशिया त्याच्याशी गोड बोलतो. ‘स्वीडनला आडवा येणार नाही, पण तुझी वॉर्साची फौज माझ्या दिशेने नको’ हा सौदा जर्मनीने केलाच पाहिजे. अशी दुसऱ्याची गरज ज्याच्या हातात आहे त्याने ती फुकट देऊ नये.

नवखे खेळाडू दोनच वाक्ये बोलतात: ‘मैत्री करूया का?’ आणि ‘मी तुला काही करणार नाही.’ दोन्ही निरुपयोगी. बोलणी प्रांताच्या नावाने करायची. तुर्कस्तान आणि रशिया बाल्कनीत उभे आहेत असे धरा:

‘बल्गेरिया माझा, रुमानिया तुझा. पटतंय?’

‘पटतंय. ब्लॅक सीचं काय?’

‘दोघांनीही जायचं नाही.’

‘आणि तू गेलास तर?’

‘अरे, शब्द देतोय ना.’

‘शब्द राहू दे. दोघंही चाल लिहू. टक्कर होईल, दोघांची आरमारं घरी.’

हा शेवटचा प्रस्ताव नीट बघा, कारण नवख्यांना युतीबद्दल शिकण्यासारखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट यात आहे. ‘दोघांनीही जायचं नाही’ या करारात जो फसवतो त्याचा फायदा होतो: तो ब्लॅक सीत घुसतो आणि प्रामाणिक माणूस बघत बसतो. ‘दोघंही चाल लिहू’ या करारात जो फसवेल, म्हणजे चाल लिहिणार नाही, त्याचेच नुकसान, कारण दुसऱ्याला समुद्र मोकळा मिळतो. तोच शेजार, तोच समुद्र, पण एका करारात विश्वास लागतो आणि दुसऱ्यात लागत नाही. गॅलिशियातही हेच करता येते. वॉर्साहून रशिया, व्हिएन्नाहून ऑस्ट्रिया, टक्कर, दोघे शांत.

पहिल्या वर्षी शक्य तिथे असे करार करा. चॅनेल, बर्गंडी, पिडमाँट, टायरोलिया इथे ‘कोणीच जायचं नाही’ अशी मोकळी पट्टी ठरवली जाते तेव्हा ‘गेला तर काय’ याचे उत्तर आधी तुमच्याकडे हवे. उत्तर नसेल तर टक्कर मागा. टक्कर मागितल्याने कोणी चिडला तर तीही माहितीच.

ऐकणे बोलण्यापेक्षा जास्त ठेवा. एकच प्रश्न दोघांना विचारा. फ्रान्सला विचारा जर्मनी काय म्हणतो, जर्मनीला विचारा फ्रान्स काय म्हणतो. उत्तरे तंतोतंत जुळली तर त्या दोघांचे ठरले आहे आणि तुम्ही इंग्लंड असाल तर तिसरे तुम्हीच आहात. लोक सहसा उत्तरे न जुळल्यावर घाबरतात. घाबरायचे ते फार छान जुळल्यावर.

युती चालवणे

जुन्या खेळाडूंनी काही युत्यांना नावे देऊन ठेवली आहेत. रशिया-तुर्कस्तानची जगरनॉट, म्हणजे आपला जगन्नाथाचा रथ इंग्रजीतून फिरून आलेला. दक्षिणेतून तुर्की आरमारे आणि मधून रशियन फौजा निघाल्या की ऑस्ट्रिया चिरडला जातो आणि पुढे इटली. दुसरी प्रसिद्ध इटली-ऑस्ट्रियाची लेपांतो, 1571 च्या समुद्री लढाईवरून नाव पडलेली. इटली पहिल्या वसंतात नेपल्सचे आरमार आयोनियन समुद्रात आणि रोमची फौज अपुलियात आणतो, शरदात तीच फौज कॉन्व्हॉयने ट्युनिसला उतरवतो. हिवाळ्यात नेपल्सला दुसरे आरमार. 1902 मध्ये पहिले आरमार पूर्व भूमध्य समुद्रात, दुसरे आयोनियनमध्ये, आणि शरदात ट्युनिसची फौज दोन्हींच्या पाठीवरून थेट सिरियात, तुर्कस्तानच्या मागच्या दाराशी. तिकडे ऑस्ट्रिया बाल्कनमधून पुढून दाबतो.

लेपांतो चालते तेव्हा बघण्यासारखी असते. ती का चालते? इटलीची आरमारे पूर्वेला गुंतलेली आहेत हे ऑस्ट्रियाला पटावर दिसते. शब्दाची गरज कमी पडते. टिकाऊ युतीची हीच खूण: दोघांच्या तुकड्या एकमेकांकडे पाठ करून उभ्या असतात आणि वळायला एक-दोन हंगाम लागतात.

दर हिवाळ्यात दोन हिशोब करा.

पहिला वाढीचा. तुमची तीनाची पाच झाली आणि मित्राची तीनाची पाच झाली तर उत्तम. त्याची सहा आणि तुमची चार असतील तर ‘पुढच्या वर्षी तुला देतो’ यावर बसू नका. या वर्षीच्या शरदात कोणते केंद्र, कोणाच्या सपोर्टने, ते नावानिशी मागा. मित्र देत नसेल तर तुम्ही त्याचे मित्र नाही आहात, त्याचा राखीव साठा आहात.

दुसरा हिशोब नव्या तुकड्यांचा, आणि यात फार गंमत आहे. बोलताना माणूस काहीही बोलतो, पण हिवाळ्यात नवी तुकडी कुठे उभी केली ते लपवता येत नाही. फ्रान्सने मार्सेला आरमार बांधले तर त्याची नजर भूमध्य समुद्राकडे. ब्रेस्टला बांधले तर इंग्लंडने जागे व्हावे. तुर्कस्तानचे स्मर्नातले आरमार इटलीसाठी, अंकाऱ्यातले ब्लॅक सीसाठी, म्हणजे रशियासाठी. कॉन्स्टँटिनोपलचे दोन्हीकडे जाऊ शकते, त्यामुळे धूर्त तुर्क तिथे बांधतो आणि दोघांनाही ‘तुझ्यासाठी नाही’ म्हणून सांगतो. रशियाने सेंट पीटर्सबर्गच्या उत्तर किनाऱ्यावर आरमार ठेवले तर नॉर्वे धोक्यात, मग तो इंग्लंडशी कितीही प्रेमाने बोलत असो. जर्मनीने कीलला आरमार बांधून ‘बाल्टिकसाठी आहे’ म्हटले तर बर्लिनला का नाही बांधले, असे सरळ विचारावे.

युती पक्की करायची असेल तर याच गोष्टी उलट वापरा. मित्राला विचारून तुकडी बांधा. रशियाला सांगा, ‘स्मर्नाला आरमार बांधतोय, बघ.’ दहा शपथांपेक्षा याचा उपयोग जास्त.

वारा फिरतोय हे कसे कळते

मित्र दगा देणार असेल तर त्याचा चेहरा वाचायला जाऊ नका. काही लोक फार छान खोटे बोलतात आणि काही खरे बोलतानाही चोरासारखे दिसतात. त्यापेक्षा ही लक्षणे पाहा.

आतापर्यंत तो पुढच्या वर्षाबद्दल बोलायचा, आता फक्त या चालीबद्दल बोलतो. वाद घालायचा, आता सगळ्याला ‘हो, चालेल’. तुमच्या घराजवळची तुमची शेवटची तुकडी आघाडीवर न्यायचा सल्ला देतो. त्याची एक तुकडी काही कारणाने तुमच्या केंद्राला लागून येते, आणि ते कारण ऐकायला जरा लांबलचक असते. यातले वाद थांबणे हे माझ्या मते सगळ्यात वाईट. ज्याला पुढच्या वर्षीही तुमच्याबरोबर राहायचे आहे तो बेल्जियमसाठी भांडतो.

खात्री करायची सोपी रीत म्हणजे त्या संशयित तुकडीसाठी काम मागणे. ‘तुझी टायरोलियातली फौज आहे ना, तिने माझ्या म्युनिकवरच्या चालीला सपोर्ट दे.’ सपोर्ट आला तर त्या हंगामात ती तुकडी तुमच्यावर चालून येऊ शकत नाही. टाळाटाळ झाली तर ऑर्डर लिहिताना घर झाका. जास्त बोलू नका. संशय कळवला की त्याला घाई करायचे निमित्त मिळते.

दगा

आता ज्यासाठी बहुतेक जण या खेळाकडे येतात ते. बहुतेक नवखे इथेच आपटतात, कारण ते फार लवकर आणि फार थोडक्यासाठी दगा देतात.

तीन प्रश्न विचारा. एकदम किती केंद्रे मिळतील? त्यानंतर तो मला उलट मारू शकेल का? आणि उद्यापासून माझ्या बरोबर कोण?

केंद्रे किमान दोन, आणि शरदात. दोघांची सात-सात असताना दोन घेतलीत तर नऊ आणि पाच होतात. त्याला हिवाळ्यात दोन तुकड्या काढाव्या लागतात, तुम्ही दोन उभ्या करता. एकच घेतले तर आठ आणि सहा. त्याच्याकडे सहा चिडलेल्या तुकड्या, तुमच्या सगळ्या सीमांची माहिती, आणि तुमचे नाव सांगायला पाच श्रोते. अर्धवट दग्याइतके वाईट या पटावर काही नाही.

उदाहरण घ्या. इटलीने 1901 च्या शरदात ट्रिएस्ट घ्यायचे, हा मोह प्रत्येक नवख्या इटलीला होतो, कारण व्हेनिसहून ते एका पावलावर आहे. घेता येतेही. पण ऑस्ट्रिया मोडला की त्याची बाल्कनमधली केंद्रे रशिया आणि तुर्कस्तान यांच्या पदरात पडतात, कारण ते तिथे आधीच उभे असतात. 1903 मध्ये इटलीपुढे दोन फुगलेले शेजारी, आणि मधे ऑस्ट्रियाची भिंत नाही. तोच दगा लेपांतोत तुर्कस्तान मोडल्यावर, ऑस्ट्रियाच्या फौजा बल्गेरिया-रुमानियात गुंतलेल्या असताना, टायरोलियातल्या सपोर्टसह दिला तर ट्रिएस्ट मिळते आणि व्हिएन्ना-बुडापेस्टची वाट मोकळी होते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दग्याच्या आधीच तयार हवे. ऑस्ट्रियाला सोडताना रशियाशी बोलणे झालेले असावे, निदान ‘पुढच्या वर्षी गॅलिशिया तुझं’ एवढे. दगा देऊन मग मित्र शोधायला निघालेल्या माणसाशी कोणी चढ्या भावाने सौदा करत नाही.

दगा देण्याआधीच्या चालीपर्यंत खरे बोला. खोटे हे या खेळातले खर्चाचे नाणे आहे. चिल्लर गोष्टींवर उडवले की मोठ्या दिवशी खिसा रिकामा. मेटा कंपनीने 2022 मध्ये सिसेरो नावाची एआय प्रणाली या खेळासाठी बनवली. तिने ऑनलाइन लीगमध्ये माणसांशी 40 डाव खेळले आणि एकापेक्षा जास्त डाव खेळलेल्यांत पहिल्या दहा टक्क्यांत आली. तिचे संदेश तिच्या खऱ्या बेतांशी जुळावेत अशीच तिची रचना होती. तरी पुढे अभ्यासकांनी संवाद तपासले तेव्हा तिनेही शब्द देऊन फिरवल्याची उदाहरणे निघालीच. यंत्राचे नशीब असे की त्याच्याशी कोणी पुढच्या रविवारी अबोला धरत नाही.

दगा दिल्यावर लगेच त्या माणसाजवळ जा. ‘तूही हेच केलं असतंस’ म्हणू नका. खरे असले तरी आत्ता ऐकवत नाही. ‘तू माझ्यावर येशील असं वाटलं’ हेही नको. सरळ सांगा: दोन केंद्रे उघडी होती, घेतली. आणि त्याला काय हवे ते विचारा. बऱ्याचदा त्याला तुमच्यापेक्षा तिसऱ्याच कोणाचा राग जास्त असतो.

दगा बसल्यावर

खुर्चीतून उठू नका आणि ऑर्डर कोऱ्या देऊ नका. तीन तुकड्या उरलेला देश जिंकणार नाही, पण कोण जिंकेल हे अनेकदा तोच ठरवतो, आणि हे बाकीच्यांना पटवून दिले की तुमचा भाव वाढतो.

हाकललेल्या तुकडीला माघार घ्यावी लागते. कुठे, ते तुम्ही निवडता. दगा देणाऱ्याने आपली सगळी फौज पुढे आणलेली असते, त्यामुळे त्याचेच एखादे केंद्र मागे रिकामे असू शकते. शेजारी असेल तर तिथे माघार घ्या. शरदातली माघार असेल तर ते केंद्र त्याच हिवाळ्यात तुमचे मोजले जाते.

मग दगेखोराच्या पुढच्या शेजाऱ्याकडे जा. त्याला तुमची कणव नको, माहिती हवी: कुठल्या तुकड्या कुठे आहेत, कोणाशी काय ठरले होते. आणि दगेखोर स्वतः परत आला, ‘झालं ते झालं, आता दोघं मिळून त्याला धरू’ म्हणाला, तर आकडे मांडून बघा. सूड घेण्यात तुमची तिसरी तुकडी जाणार असेल आणि त्याच्याबरोबर राहून पाच होणार असतील तर राग गिळा. सूडासाठी खेळणारा माणूस पुढच्या डावात मात्र सगळ्यांना घाबरवून ठेवतो, हाही एक फायदाच, पण तो नेहमीच्या टोळीत खेळणाऱ्यांना.

कोणीतरी 13 वर पोहोचला

कोणाची 12-13 केंद्रे झाली की आतापर्यंतचे सगळे हिशोब एका क्षणात जुने होतात. काल एकमेकांचे गळे धरणारे तिघे आज त्याच्याविरुद्ध एक झाले नाहीत तर वर्ष-दोन वर्षांत डाव संपतो. इथे नवखे दोन कारणांनी उशीर करतात: ‘आधी माझं ग्रीस परत दे’ आणि ‘त्याने मला काही केलेलं नाही’. ग्रीसचे नंतर बघा.

नकाशावर अशा काही रेषा आहेत जिथे योग्य तुकड्या योग्य सपोर्टने उभ्या राहिल्या की समोरचा कितीही मोठा असो, त्या फुटत नाहीत. वायव्य आणि आग्नेय युरोप यांच्या मधून जाणारी रेषा त्यातली सगळ्यात महत्त्वाची. म्हणून जिंकू पाहणारा ती लवकर ओलांडायला बघतो: तुर्कस्तान भूमध्य समुद्रातून बाहेर अटलांटिककडे, इंग्लंड किंवा फ्रान्स ट्युनिसकडे. रोखणाऱ्यांनी तिथे आधी पोहोचायचे. पोहोचल्यावर एकमेकांना सपोर्ट लिहून जागेवर बसायचे, आणि त्यातल्या एकानेही ‘आता मागचं एक केंद्र उचलतो’ म्हणत हात काढायचा नाही.

मोठ्या खेळाडूची बाजू घेऊन विचार केला तर त्याचे काम नेमके तेच, एकाचा हात काढवणे. तो सगळ्यात कमकुवत माणसाकडे जातो आणि दुसरा क्रमांक देऊ करतो. या खेळात दुसरा क्रमांक नसतो. एकटा 18 गाठतो, नाहीतर उरलेले सगळे बरोबरी वाटून घेतात, दोन केंद्रांचा आणि पंधरा केंद्रांचा वाटा सारखाच. हे मोठ्याने सांगा, दर चालीला सांगा.

सात जण एका घरात जमतच नसतील

पोस्टाने डिप्लोमसी खेळणे 1963 पासून चालत आले आहे. आता तेच बॅकस्टॅबर किंवा वेबडिप्लोमसी या साइटवर होते. ऑर्डर भरायच्या, निकाल साइट लावते, नियमांवरून वाद नाही. टोळीतले दोघे पुण्यात, एक बंगळुरात आणि एक न्यू जर्सीत असेल तर चोवीस तासांची डेडलाइन ठेवा. भारतातले रात्रीचे नऊ, म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे साडेअकरा, ही वेळ दोन्हीकडे जागेपणाची आहे. डाव दीड-दोन महिने चालतो.

यात बोलणी व्हॉट्सॲपवर घ्यायची नाहीत, साइटच्याच संदेशांत ठेवायची. व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट काढून तिसऱ्याला दाखवणे फार सोपे आहे, आणि एकदा ते सुरू झाले की कोणी प्रांताच्या नावाने बोलतच नाही, सगळे ‘बघू’, ‘ठीक’ आणि अंगठा. स्क्रीनशॉट चालतील की नाही हे डाव सुरू होण्याआधी ठरवा. आणि जो दोनदा ऑर्डर भरायला विसरेल त्याच्या जागी कोणाला बसवायचे, ते नावही आधीच घेऊन ठेवा.